टिळकवाडी की ठळकवाडी? कोड्यात शहरांचे भाग ओळखताना

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही धागा लागेल. शब्दकोड्याच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही अडकलात. पहिला आडवा शब्द होता ‘बेळगावचे उपनगर (५)’. तुम्ही टिळकवाडी लिहिलंत. त्याच घरातून खाली उतरणारा उभा शब्द, ‘सभेत मांडला जातो (३)’. टि-ने सुरू होणारा म्हणून टिपण भरलंत. मग तिसऱ्या ओळीतला आडवा, ‘बेळगावचे विणकरांच्या वस्तीचे उपनगर (४)’, त्याच्या पहिल्याच घरात ण आला, आणि ण-ने सुरू होणारं उपनगर बेळगावात काय, कुठेच सापडेना. शिवाय तुम्ही विचारलंत की खानापुरात राहून पुण्या-मुंबईच्या पेठा आणि उपनगरं पाठ तरी कशी करायची. आणि मुलगा इंग्रजी पेपरातलं कोडं घेऊन बसतो, त्यात ‘लंडनचा भाग (४)’ आलं की तोही तुमच्याकडेच बघतो.

मी शहापुरात वाढलो. कोडी सोडवतोय ती शाळेपासून, आणि गेली बरीच वर्षं स्थानिक दिवाळी अंकांसाठी रचतोही. तुम्ही जी चूक केलीत तीच मी रचणारा म्हणून केलेली आहे, ते पुढे सांगतो.

पाठांतराचं म्हणाल तर ते सोडून द्या. शहरांच्या भागांची नावं डोक्यापासून आठवायला गेलं की हाताला काही लागत नाही. ती शेपटीपासून धरायची. वस्तीच्या नावाला बहुतेक वेळा शेपूट असतं: वाडी, पूर, पुरी, पेठ, बाग, नगर, वेस, गल्ली, गाव. आणि कुठल्या शहरात कुठलं शेपूट चालतं हे ठरलेलं असतं. पुणं म्हटलं की पेठ. कोल्हापूर म्हटलं की पेठ आहेच, पण पुरीसुद्धा: शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी. बेळगाव म्हटलं की गल्ली आणि वेस. म्हणून ‘कोल्हापूरचा भाग (४)’ दिसलं की मी शेवटच्या दोन घरांत पेन्सिलीने पुरी लिहून टाकतो आणि पुढे जातो. शाहूपुरीही चार अक्षरं, लक्ष्मीपुरीही चार. कुठली ते पहिल्या दोन घरांतून जाणारे उभे शब्द सांगतील, मी कशाला डोकं शिणवू? मात्र उभे शब्द भरल्यावरही पुरी जुळत नसेल तर ती पुसायची तयारी हवी. पेन्सिल म्हणून तर आहे.

हे जमण्यासाठी आधी अक्षरं मोजण्याचा हिशेब पक्का पाहिजे. आपल्या कोड्यात एका घरात एक अक्षर, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार सगळं धरून एक. जोडाक्षराला घर एकच. बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून माणूस रोज जातो, पण किर्लोस्कर किती अक्षरी विचारलं की पाच म्हणतो. कि, र्लो, स्क, र: चार. तो रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, त्याला वेगळं घर मिळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना बेळगावहून हलवून जिथे वसवला ती किर्लोस्करवाडी आता सांगली जिल्ह्यात येते आणि ती सहा अक्षरी. म्हणजे संकेतात किर्लोस्कर दिसला तर कंसातला आकडाच सांगतो की गाडी बेळगावात थांबवायची की पुढे न्यायची. तसंच येळ्ळूर तीन, कंग्राळी तीन, कॅम्प दोन. ज्याला हा हिशेब बोटावर येत नाही त्याने सुरुवातीला कोड्याच्या कडेला नाव फोडून लिहावं. यात लाज कसली? मी अजून लिहितो.

आता पुण्याच्या पेठा. सातही वारांच्या पेठा पुण्यात आहेत. रविवार, सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, मोजून बघा, सगळे चार अक्षरी. एकटा मंगळवार पाच. म्हणजे ‘पुण्यातील पेठ (५)’ आणि शेवटी वार जुळत असेल तर विचार न करता मंगळवार. उलट (४) असेल तर सहा वार आहेतच, शिवाय नारायण आणि सदाशिवही चार अक्षरी. तिथे नुसतं शेवटचं घर बघा. र जमत असेल तर वार, ण असेल तर नारायण, व असेल तर सदाशिव. तीन अक्षरी म्हणाल तर कसबा, भवानी, गणेश. दोन अक्षरी नाना आणि रास्ता. झालं की पुणं. पाठ करायचं म्हणजे एवढंच.

पण कोडं रचणारा थोडा खोडकर असला की जुनी नावं काढतो. सोमवार पेठेचं जुनं नाव शहापूर, रविवारचं मलकापूर, शुक्रवारचं विसापूर, गुरुवार पेठ म्हणजे वेताळ पेठ. सोमवारचं मला कधी पाठ करावं लागलं नाही. आम्ही शहापूरकर, नावातच अर्धं उत्तर. पण गंमत अशी की ‘शहापूर’ हे उत्तर पुण्याचं, बेळगावचं आणि ठाणे जिल्ह्यातल्या तालुक्याचंही असू शकतं. तुम्ही खानापूरच्या, तेव्हा तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे तसाच सांगली जिल्ह्यातही आहे, विट्याचा. संकेतात ‘सांगली जिल्ह्यातील तालुका (४)’ आलं की आपल्याकडची माणसं खानापूर लिहायला कचरतात, ‘ते तर आमचं’ म्हणून. लिहा की.

एकाच नावाची दोन ठिकाणं हा घोटाळा कमी नाही. खासबाग घ्या. आपल्याकडे तो विणकरांचा आणि बाजाराचा भाग, कोल्हापुरात तेच कुस्त्यांचं मैदान. ‘कुस्तीचे प्रसिद्ध मैदान (४)’ वाचून बेळगावच्या माणसाला वडगावच्या शेजारचा खासबाग आठवला तर तो गोंधळणार, पण उत्तर मात्र बरोबर येणार. रविवार पेठ पुण्यात आहे तशी बेळगावातही आहे, किराणा मालाच्या घाऊक दुकानांची. मुंबईचं माझगाव आणि आपलं उद्यमबागेजवळचं मजगाव, दोन्ही चार अक्षरी, फरक फक्त पहिल्या दोन घरांत. मा-झ, म-ज. या ठिकाणी उभे शब्द नीट भरल्याशिवाय शाई लावू नये.

मुंबईला शेपटीचा नियम अर्धाच चालतो. गोरेगाव, गिरगाव, माझगाव यांना गाव आहे, बोरिवली-कांदिवलीला वली आहे, पण परळ, दादर, वरळी, माहीम, कुर्ला यांना काय धरणार? तिथे मी दुसरी युक्ती वापरतो. मुंबईच्या कितीतरी भागांना मराठी आणि इंग्रजी वळणाची अशी दोन नावं आहेत. वांद्रे आणि बांद्रा दोन्ही दोन अक्षरी, पण एकही घर जुळत नाही. शीव दोन, सायन तीन. शीव म्हणजे हद्द. मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधली ती वेस. सीमाभागातल्या माणसाने हे नाव विसरू नये. ‘हद्द, मुंबईचे एक उपनगर (२)’ असा संकेत मी स्वतः एकदा दिला होता आणि एकाने त्यात ‘कुर्ला’ भरून पाठवलं. हद्दीचा त्याला काही पत्ताच नव्हता.

नागपूरचं एक वाक्यात: इतवारी, सीताबर्डी, धरमपेठ, धंतोली, महाल, सदर एवढं लक्षात ठेवलंत तरी दहातल्या आठ वेळा भागतं. इतवारी म्हणजे रविवारच. वार सगळीकडे आहेत, बोली बदलते.

आता आपल्या घरच्या मैदानावर येऊ, कारण तुमची खरी अडचण तिथे आहे, आणि बेळगावच्या नावांत जितकी मजा आहे तितकी मला पुण्यात सापडत नाही. हे माझं मत, पुणेकरांनी रागावू नये.

गावाच्या नावापासूनच सुरुवात करा. बेळगाव चार अक्षरी. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी झालं, तेही चारच अक्षरी, फरक शेवटच्या घरात, व की वी. जुनं नाव वेणुग्राम, चार. वेणुपूर, तेही चार. वेणू म्हणजे बांबू, कळक. म्हणजे ‘बेळगावचे प्राचीन नाव (४)’ आलं की पहिल्या दोन घरांत वेणु ठोकून द्यायचं आणि तिसऱ्या घरावर डोळा ठेवायचा: ग्रा आला की ग्राम, पू आला की पूर. चौथं घर म की र हेही मदत करतं. वेणुग्रामाला बुरुड गल्ली हवीच आणि ती आहे. बांबूच्या सुपल्या-टोपल्या विणणारे ते बुरुड. ‘बांबूकाम करणाऱ्यांची बेळगावातील गल्ली (३)’ असा संकेत आला तर रचणाऱ्याला माझा नमस्कार सांगा.

वेस हे आपल्याकडचं खास शेपूट. वेस म्हणजे गावात शिरायचं दार. काकतीवेस काकतीच्या बाजूची. आणि काकती म्हणजे राणी चन्नम्मांचं जन्मगाव, तोही तीन अक्षरी हुकमी संकेत. गोवावेस गोव्याच्या वाटेची. बोगारवेस बोगारांची, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी करणाऱ्यांची. शब्द कानडीतून आलेला. काकतीवेस आणि बोगारवेस पाच-पाच अक्षरी, दोन्हींच्या शेवटी वेस. गोवावेस एकटीच चार. म्हणजे ‘बेळगावची वेस (४)’ असं असेल तर लगेच लिहा, (५) असेल तर तिसऱ्या घराची वाट बघा: ती आली तर काकती, र आला तर बोगार. दुसऱ्या घरात क की गा हेही सांगेल.

चौकाला बेळगावात खूटही म्हणतात, हे बाहेरच्या कोडेकाराला ठाऊक नसतं, आणि बाहेरच्या सोडवणाऱ्याला तर नाहीच. शनिवार खूट. पुण्याचा माणूस शनिवार दिसलं की पेठ किंवा वाडा लिहून मोकळा होतो, आणि शेवटच्या दोन घरांत अडकतो. पेठ, वाडा, खूट, तिन्ही दोन अक्षरी.

कानडीचा थोडा कान असेल तर आणखी फायदा. होसूर म्हणजे होस ऊर, नवं गाव. कोडेकार ‘नवे गाव, पण कानडीत (३)’ असं लिहितो तेव्हा त्याला हेच म्हणायचं असतं. येळ्ळूर, कित्तूर, देसूर, सगळीकडे तो ऊर शेवटी बसलेला. मराठी नावांत पूर आणि कानडी नावांत ऊर: शेवटच्या दोन घरांपैकी पहिल्यात दीर्घ ऊकार आणि शेवटी र, एवढं तर आधीच भरता येतं.

दीर्घ ऊकारावरून आठवलं. संकेतात ‘शहापुरात’ असं ऱ्हस्व छापलेलं असतं म्हणून काही जण घरातही पु लिहितात आणि मग उभा शब्द बिघडतो. मराठीत अशा नावांचं मूळ रूप शहापूर, होसूर, खूट, आणि विभक्ती लागली की शहापुरात, होसुरात, खुटावर. घरात नेहमी मूळ रूप जातं. रस्त्यावरच्या पाट्यांवर जाऊ नका, तिथे तुम्हाला शहापुर, वडगांव, तिलकवाडी, काहीही सापडेल. इंग्रजी पाटी वाचून नाव शिकलेल्याचे तर आणखी हाल. अनगोळचं इंग्रजी स्पेलिंग वाचून अंगोल म्हणणारा तीन घरं मोजतो आणि हवी असतात चार: अ, न, गो, ळ. आमच्याकडे पाहुणे आले होते ते स्टँडवर ‘अंगोलची बस’ विचारत होते. कंडक्टरने शांतपणे सांगितलं, “ती आफ्रिकेला जातीया, तुम्ही अनगोळच्या गाडीत बसा की.”

कंडक्टरवरून सांगतो, शहराच्या भागांची नावं शिकायची असतील तर नकाशापेक्षा सिटी बस बरी. गोवावेस, आरपीडी, अनगोळ असा तो पुकारा ऐकून माणूस तोंडाने नाव शिकतो, आणि तोंडी नावच कोड्यात कामाला येतं. आरपीडीसुद्धा कोड्यात आलेलं मी पाहिलंय, चार अक्षरं, राणी पार्वतीदेवी महाविद्यालयाच्या आद्याक्षरांवरून पडलेलं नाव. कॉलेज मागे राहतं, कोपऱ्याचं नाव पुढे चालतं.

गल्ल्यांचं मात्र मी एकच सांगेन: ‘बेळगावातील गल्ली (३)’ दिसलं की ते घर सोडून पुढे जा. खडक, चव्हाट, मारुती, पाटील, कामत, बुरुड, मेणसे, गोंधळी, कंग्राळ, भांदुर, बापट, आणि शहापुरात शिरलात तर सराफ, कचेरी. सगळ्या तीन अक्षरी. असा संकेत देणं म्हणजे रचणाऱ्याने हात वर करणं. चांगला रचणारा काहीतरी धागा देतो. ‘विंचवाची गल्ली (२)’ म्हणजे शहापूरची बिच्चू गल्ली, हे कसं छान सुटतं. ‘कडोलीकरांची नव्हे, जवळजवळ तशीच (५)’ म्हणजे कडोलकर गल्ली. ‘१८५८ साली बेळगावात फाशी गेलेल्या संस्थानिकाच्या नावाचा चौक’ म्हणजे नरगुंदकर भावे चौक. आणि ताशिलदार गल्ली: बेळगावकर ताशिलदार लिहितो तेव्हा पाच घरं, पुणेकर तहसीलदार लिहितो तेव्हा सहा. कोडं कुठे रचलंय ते आकडाच सांगतो.

हे शेवटचं जरा सावकाश घ्या, कारण माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. रचणारा कुठे बसलाय? मुंबईच्या दैनिकातला कोडेकार बेळगावबद्दल दोन-तीन गोष्टीच विचारणार: वेणुग्राम, सांबरा विमानतळ, १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, फार तर हिंडलग्याचं कारागृह. त्याच्या कोड्यात चव्हाट गल्ली येणार नाही. उलट आमच्यासारखा गल्लीतला रचणारा असेल तर तो खडेबाजार विचारताना मनात म्हणणार, कुठला? कारण बेळगावात खडेबाजार आहे आणि शहापुरातही आहे. शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होतं. आज एकाच महानगरपालिकेत असलो तरी तेव्हा ती दोन वेगळी गावं, दोन राज्यं, दोन बाजार. तुमच्या कोड्यात एकाच कोपऱ्यात बेळगावची दोन उपनगरं आलीत, म्हणजे रचणारा नक्की इथलाच. आणि इथला असेल तर तो जुनी नावं वापरायला कचरणार नाही.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ‘लोकमान्यांच्या नावाचे उपनगर (५)’ असा संकेत दिला, उत्तर टिळकवाडी. लोकमान्य १९१६ साली प्रांतिक परिषदेला बेळगावात आले, होमरूल लीग इथे स्थापन झाली, तेव्हा संकेत काही वावगा नव्हता. पण पहिल्या घरातून मी उभा शब्दच नेला नव्हता. त्याच्या खाली काळा चौकोन. एका म्हाताऱ्या वाचकांनी ठळकवाडी लिहून पाठवलं आणि खाली टीप: ‘आमच्या लहानपणी हेच नाव होतं. लोकमान्य नंतर आले.’ त्यांना बक्षीस नाकारताना माझी चांगलीच अडचण झाली, कारण संकेत टिळकवाडीचा असला तरी त्यांचा मुद्दाही बरोबर होता. ठळकवाडी हे जुनं नाव अजून तिथल्या हायस्कुलाच्या नावात टिकून आहे. ज्या नावाला जुळा भाऊ आहे, त्याच्या वेगळ्या पडणाऱ्या घरातून उभा शब्द गेलाच पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो. टिळकवाडी आणि ठळकवाडी यांत वेगळं घर एकच, पहिलं. बाकी ळ, क, वा, डी सारखं.

पाच अक्षरी वाडीचा तिसरा गडी पिरनवाडी, तोही विसरू नका. त्याचं तिसरं घर न. हिंदवाडी चार अक्षरी, ती आपोआप गळते.

मुलाच्या इंग्रजी कोड्याचं थोडक्यात. तिथे घरं रोमन अक्षरांची असतात, म्हणून मोजणी वेगळी. ‘लंडनचा भाग (४)’ म्हटलं की पहिला उमेदवार सोहो. आपल्याकडे सोहो दोन अक्षरी, त्यांच्याकडे चार. इंग्रजी कोडेकारांना तो फार आवडतो, कारण त्यात स्वर दोन आणि तेही सारखेच, कुठेही बसतो. लंडनचं सोहो हे शिकाऱ्यांच्या जुन्या आरोळीवरून पडलेलं नाव. न्यूयॉर्कचं सोहो मात्र हाउस्टन रस्त्याच्या दक्षिणेकडचा भाग, दोन शब्दांचे पहिले तुकडे जोडून केलेलं. तिथलंच ट्रायबेका कॅनॉल रस्त्याखालच्या त्रिकोणावरून, तेही तसंच तुकड्या-तुकड्यांचं. आपल्या आरपीडीचाच प्रकार म्हणायचा. त्याला सांगा, ‘न्यूयॉर्कचा भाग’ आलं की नाव तुकड्यांचं असू शकतं हे धरून चालायचं, आणि ‘रोमचा भाग’ आलं तर त्रास्तेव्हेरे, म्हणजे टायबर नदीपलीकडचा. तिथेही शेवटी नाव नदी, वेस, रस्ता यावरूनच पडतं. जगभर वस्त्यांना नावं ठेवणारी माणसं फार वेगळी नसतात.

तुम्ही वही करणार असाल तर शहरवार करू नका. मी शेपटीवार केली आहे: एका पानावर वाडी, एकावर पूर, एकावर बाग, आणि प्रत्येक पानावर अक्षरसंख्येप्रमाणे रकाने. बागेच्या पानावर चारच्या रकान्यात खासबाग, फुलबाग, रायबाग. रायबाग उपनगर नव्हे, तालुका, म्हणून त्याच्यापुढे ता. पाचच्या रकान्यात उद्यमबाग आणि सांगलीचं विश्रामबाग, सहाच्या रकान्यात केळकरबाग. नगरांचं पान मी केलेलं नाही. भाग्यनगर, नेहरूनगर, सदाशिवनगर, महांतेशनगर, हनुमाननगर, ती रोज नवी उगवतात आणि त्यांची शेवटची तीन घरं फुकट मिळतात, तेव्हा वही कशाला झिजवायची? विजयनगर मात्र लिहून ठेवलंय. १९२४ च्या अधिवेशनासाठी जे नगर उभारलं त्याचं ते नाव, आणि तिथेच खोदलेली विहीर म्हणजे पंपासरोवर. दोन्ही सहा अक्षरी, दोन्हींच्या शेवटी र, दोन्ही एकाच अधिवेशनाच्या संकेताला चालतात. यावर मी स्वतः दोनदा आपटलोय.

तालुक्यांचं पान मात्र करा, आपल्या जिल्ह्यापुरतं. तीन अक्षरींची तिथे जत्रा आहे: निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, सौंदत्ती, गोकाक, कित्तूर. त्यातले पहिले पाच ईकारान्त. गोकाक आणि कित्तूर तेवढे वेगळे पडतात. पाच अक्षरी एकटं बैलहोंगल.

तर तुमचा कोपरा. ‘सभेत मांडला जातो (३)’. मांडला. मराठी कोड्यात क्रियापदाचं लिंग हा फुकटचा धागा असतो आणि घाईत आपण तोच ओलांडून जातो. टिपण नपुंसकलिंगी, ते मांडलं जाईल, किंवा खरं तर काढलं जाईल. इथे हवा तो पुल्लिंगी शब्द. सभेत मांडतात, त्यावर चर्चा होते, हात वर होतात, आणि तो मंजूर होतो किंवा बारगळतो: ठराव. सीमाभागात राहून ठराव हा शब्द सुचला नाही म्हणजे नवलच की हो ताई! ठरावाचं पहिलं घर ठ, म्हणून आडवा शब्द टिळकवाडी नव्हे, ठळकवाडी. रचणाऱ्याने संकेतात ‘जुने नाव’ एवढे दोन शब्द घालायला हवे होते. ते न घालणं मला पटलेलं नाही. पण उभा शब्द बरोबर जागी नेला म्हणून त्याला माफ.

आणि ठरावाचं तिसरं घर व. म्हणजे तुमचा तो ण गेला. विणकरांच्या वस्तीचं उपनगर, चार अक्षरी, सुरुवातीला व, आणि शेपूट कुठलं असेल ते आता तुम्हीच लिहा.